पालथं पडून वाचलेली पुस्तकं

आधी उजव्या डोळ्याच्या कडेला काजवे चमकले. मग काजळी उडाल्यासारखे काळे ठिपके आले आणि तिसऱ्या दिवशी खालून एक सावली वर चढायला लागली. डोळ्याचा पडदा सुटला होता. शस्त्रक्रिया त्याच संध्याकाळी झाली. या शस्त्रक्रियेत डोळ्यातला जेलीसारखा द्रव काढून त्या जागी वायूचा बुडबुडा भरतात. तो पडद्याला आतून दाबून धरतो आणि पडदा हळूहळू पुन्हा चिकटतो. पण बुडबुडा नेहमी वर तरंगणार आणि पडदा असतो डोळ्याच्या मागच्या भिंतीला. ती मागची भिंत वरच्या बाजूला यावी म्हणून माणसानं पालथं पडून राहायचं. मला दहा दिवस सांगितले होते. जेवायला आणि न्हाणीघरात जायला तेवढं उठायचं, तेही मान खाली घालून.

वाचन बंद. डावा डोळा धड होता, पण एक डोळा ओळीवरून फिरला की दुसराही त्याच्यासोबत फिरतो, म्हणून सुरुवातीचे दिवस पुस्तक हातात धरायचं नाही, असं बजावून सांगितलं होतं. वयाच्या सातव्या वर्षापासून रोज काही ना काही वाचत आलेल्या मला डोळ्याच्या दुखण्याहून हेच जड गेलं.

सोबतीला भाची राहायला आली होती. विज्ञानकथा आणि अद्भुतिका हे तिचं वेड. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं माझ्या कानात इअरफोन अडकवले आणि म्हणाली, "मावशी, एक माणूस शुद्धीवर येतोय. त्याला नळ्या लावल्यात आणि स्वतःचं नावसुद्धा आठवत नाहीये. ऐक."

ते पुस्तक होतं अँडी वीअरचं 'प्रोजेक्ट हेल मेरी'. २०२१ साली आलेलं, आणि जगभरचे वाचक अजूनही एकमेकांच्या हातात कोंबतायत असं. तो माणूस पलंगावरून उठतो आणि आपण कुठे आहोत हे कळावं म्हणून एक वस्तू उंचावरून सोडून देतो, पडायला किती वेळ लागला ते मोजतो, पुन्हा सोडतो, पुन्हा मोजतो. गणित सांगतं की इथलं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या दीडपट आहे. म्हणजे आपण पृथ्वीवर नाही. स्वतःचं नाव विसरलेला माणूस गुरुत्वाकर्षणाचं सूत्र मात्र विसरलेला नाही. मला हे फार आवडलं. मीही त्या दिवसांत मोजतच होते. पंख्याचा खटका किती सेकंदांनी येतो, जिन्यातली पावलं कितव्या पायरीला वळतात.

ज्यांना हे पुस्तक कोरं वाचायचं आहे त्यांनी पुढचे काही परिच्छेद सोडून द्यावेत, कारण रॉकीबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

पृथ्वीपासून सुमारे १२ प्रकाशवर्षांवरच्या टाऊ सेटी या ताऱ्याजवळ त्या एकट्या माणसाला दुसरं एक यान दिसतं. त्यातला प्राणी पाच पायांचा, दगडी कवचाचा, साधारण कुत्र्याएवढा. त्याच्या ग्रहावर अमोनियाचं वातावरण, आपल्या २९ पट दाबाचं, आणि तापमान २१० अंश सेल्सिअस. त्या दाट वातावरणातून प्रकाश जमिनीपर्यंत पोहोचतच नाही. म्हणून त्या जीवसृष्टीत डोळे कधी तयारच झाले नाहीत. रॉकी सगळं ऐकतो. भिंतीपलीकडच्या वस्तूचा आकारही त्याला आवाजावरून कळतो. त्याचं बोलणं म्हणजे एकाच वेळी उमटणारे अनेक सूर. पुस्तकाच्या श्राव्य आवृत्तीत रे पोर्टर वाचतो आणि रॉकी बोलायला लागला की खरोखरच सूर वाजतात. छापील पानावर ते नुसतं चिन्ह असणार. कानात मात्र अंगावर काटा आला. कानांनाच जिभा फुटतील आणि इंद्रियांचं आपापसांत भांडण जुंपेल, असं ज्ञानेश्वरांनी सहाव्या अध्यायात आपल्या बोलांविषयी म्हटलं आहे. ती ओवी मी शाळेपासून पाठ म्हणत आले होते. तिचा अर्थ मला त्या दुपारी, उशीत तोंड खुपसलेलं असताना लागला.

पण खरी गंमत सुरांच्या पुढे आहे. वीअर एक साधा प्रश्न विचारतो: ज्यांनी प्रकाश कधी पाहिलाच नाही, त्यांचं विज्ञान कसं असेल? रॉकीचे लोक अव्वल दर्जाचे अभियंते आहेत, आपल्याला जमणार नाहीत असे पदार्थ बनवतात. पण प्रकाशाशी रोजची ओळख नाही, म्हणून प्रकाशाच्या वेगाचं कोडं त्यांना पडलं नाही, म्हणून सापेक्षता सिद्धान्त त्यांच्याकडे नाही. प्रवासाचं गणित त्यांनी न्यूटनच्या नियमांनी केलं आणि भरमसाट जास्तीचं इंधन घेऊन निघाले. त्यांच्या ग्रहाच्या दाट कवचाखाली किरणोत्सर्गही कधी पोहोचला नाही. म्हणून यानाला त्यापासून संरक्षण हवं हे कुणाला सुचलंच नाही. २३ जण निघाले होते, २२ मेले. कशानं मेले, हे रॉकीला माहीत नाही. ते त्याला माणूस सांगतो. त्या प्रकरणाशी मी पुस्तक थांबवलं आणि बराच वेळ काहीच ऐकलं नाही. एक इंद्रिय नसणं म्हणजे काय, हे करुणेच्या सुरात सांगणारी पुस्तकं मी पुष्कळ वाचली आहेत. इथे करुणा नव्हती. एक इंद्रिय नसल्यामुळे कुठल्या विद्या कडेला राहून जातात आणि कुठल्या पुढे निघून जातात, त्याचा चोख हिशोब होता. आणि त्या हिशोबातूनच तो दगडी जीव मला माझ्या खोलीतल्या माणसाइतका जवळचा वाटायला लागला.

रॉकीच्या लोकांत एक रीत आहे. झोपेत त्यांचं शरीर पूर्ण लुळं पडतं, म्हणून झोपणाऱ्यावर कुणीतरी लक्ष ठेवायचं. माणसाला असं काही लागत नाही हे त्याला पटतच नाही. तू झोप, मी बघतो, असा त्याचा आग्रह. डोळे नसलेला हा जीव रात्रभर 'बघत' बसतो. माझी भाची त्या रात्री जमिनीवर गादी टाकून झोपायची, मी झोपेत उताणी होऊ नये म्हणून. मी जरा हलले की हात लावून बघायची. अंधारात, डोळे मिटूनच.

'हात लावून बघायची' असं मी आत्ता सहज लिहून गेले. आपण चव बघतो, वास घेऊन बघतो, विचारून बघतो, नाडी बघतो, वाट बघतो. मराठीत सगळी इंद्रियं शेवटी 'बघ'पाशी येऊन पोहोचतात. रॉकीच्या भाषेत या जागी कुठलं क्रियापद असेल, यावर आम्ही दोघींनी एक अख्खी संध्याकाळ घालवली. 'ऐकून ऐक'?

ते पुस्तक संपलं आणि मला एच. जी. वेल्सची १९०४ मधली जुनी गोष्ट आठवली, आंधळ्यांच्या देशाची. अँडीज पर्वतातल्या एका तुटलेल्या खोऱ्यात पिढ्यानपिढ्या सगळेच आंधळे. नुन्येझ नावाचा डोळस माणूस घसरून तिथे पडतो. त्याला वाटतं, आपण इथले राजे होणार. पण ते लोक दिवसा झोपतात आणि रात्रीच्या गारव्यात काम करतात, त्यांच्या घरांना खिडक्या नाहीत, आणि ते पावलांच्या चाहुलीवरून त्याला कुठेही गाठतात. त्याच्या 'दिसण्या'ला त्यांच्याकडे शब्दच नाही. त्यांचा वैद्य निदान करतो की चेहऱ्यावरच्या या दोन वळवळणाऱ्या फुगवट्यांनी त्याचा मेंदू बिघडला आहे, ते काढून टाकले की तो बरा होईल. १९३९ साली वेल्सनं शेवट बदलला. नव्या शेवटात नुन्येझबरोबर बाहेर आलेली त्याची प्रेयसी डोळस जगात राहूनही दृष्टी नको म्हणते.

ही गोष्ट मी कॉलेजात वाचली तेव्हा पूर्णपणे नुन्येझच्या बाजूची होते. या खेपेला भाचीकडून वाचून घेतली तेव्हा मला त्याचा राग आला. तो एकदाही त्यांना विचारत नाही की तुम्हाला हे सगळं कसं कळतं. मोजून बघत नाही, शिकत नाही, फक्त सांगत सुटतो. वेल्सला हे कळलेलं होतं, म्हणून तर गोष्ट टिकली. पण त्याच्या गोष्टीत दोन्हीकडचे लोक एकमेकांना वेडे ठरवून मोकळे होतात. आणि आज वाचकांनी उचलून धरलेल्या पुस्तकांत मला वारंवार याच्या उलटं काहीतरी सापडत होतं. परक्याचं इंद्रिय समजून घ्यायला कुणीतरी बसतं, चिकाटीनं, आकड्यांपासून सुरुवात करून.

तर पुढे कोळी. एड्रियन चायकोव्हस्कीची 'चिल्ड्रन ऑफ टाइम' ही २०१५ मधली कादंबरी, २०१६ चा आर्थर सी. क्लार्क पुरस्कार मिळालेली. माणसांनी एक दूरचा ग्रह राहण्याजोगा केलेला असतो. तिथे माकडं सोडून, एका विषाणूच्या मदतीनं त्यांना झपाट्यानं शहाणं करायचा बेत असतो. माकडं पोहोचण्याआधीच मरतात. विषाणू पोहोचतो आणि उडी मारणाऱ्या कोळ्यांना भिनतो. हजारो वर्षांत त्या कोळ्यांची नगरं उभी राहतात. ते जाळ्याच्या धाग्यांतून कंपनं पाठवून बोलतात. मुंग्यांच्या वसाहतींना वासांनी हाकून त्यांच्याकडून आकडेमोड करून घेतात, म्हणजे मुंग्यांचा संगणकच. वर आकाशात फिरणाऱ्या उपग्रहात त्या प्रयोगाची कर्ती शास्त्रज्ञ अजून आहे आणि आपण माकडांशीच बोलतोय हे ती युगानुयुगं गृहीत धरून चाललेली आहे.

मला कोळ्याची किळस आहे. कोपऱ्यात दिसला तर मी खोली बदलते. हे पुस्तक मध्यावर आलं तोवर मी एका कोळीणीच्या बाजूनं माणसांच्या यानाला शिव्या देत होते. कसं केलं हे त्यानं? माझ्या मते, चायकोव्हस्की कोळ्याला माणूस बनवत नाही. तिथे मादी मोठी आणि बलवान, नर लहान आणि समागमानंतर कधीही मारला जाईल असा. त्या समाजातला फेबियन नावाचा एक नर, आम्हाला कारण नसताना मारू नये, एवढाच साधा हक्क मागतो. हा लढा माझ्या ओळखीचा आहे आणि अंग मात्र पूर्ण परकं आहे. ही अवघड जागा त्यानं सोडली नाही. याउलट भाचीच्या फोनमध्ये ड्रॅगनवर स्वार होऊन प्रेमात पडणाऱ्यांच्या कादंबऱ्याही होत्या. त्यांतली एक आम्ही ऐकली. वेग आहे, वेळ जातो. पण ड्रॅगनला माणसाचं मन दिलं की तो पंख लावलेला माणूस होतो, आणि मला त्याच्याकडून काही नवं कळत नाही. आठव्या प्रकरणाला मी झोपले.

ते कोळी लेखकानं हवेतून काढलेले नाहीत. पोर्शिया नावाचा कोळी खरोखर आहे, जेमतेम एक सेंटिमीटरचा. सावजापर्यंत सरळ जाता येत नसेल तर तो लांबचा वळसा शोधतो आणि मध्ये सावज नजरेआड झालं तरी वाट चुकत नाही. त्याला आठ डोळे. पुढचे दोन मोठे डोळे म्हणजे आत लांबट नळ्या, आणि नळीच्या टोकाचा पडदा इतका अरुंद की एका वेळी दृश्याचा छोटासा तुकडाच दिसतो. तो स्नायूंनी ती नळी इकडून तिकडे हलवतो आणि तुकड्या-तुकड्यांनी चित्र जुळवतो. हे वाचताना माझ्या स्वतःच्या पडद्याबद्दल मला पहिल्यांदाच भीतीऐवजी कुतूहल वाटलं.

एक तक्रार नोंदवते. भाचीच्या आग्रहावरून लिऊ त्सिशिनची त्रिसूर्यांची मालिका ऐकली. चिनी भाषेत २००६ मध्ये क्रमशः आलेला तिचा पहिला भाग इंग्रजीत यायला २०१४ साल उजाडलं आणि पुढच्याच वर्षी त्याला ह्यूगो पुरस्कार मिळाला. माणसं कागदी आहेत, बायका तर फारच. पण दुसऱ्या भागातली एक कल्पना मला आठवडाभर सोडत नव्हती. आक्रमण करायला निघालेल्या त्या परग्रहवासीयांचे विचार एकमेकांना थेट दिसतात. विचार करणं आणि बोलणं यांत त्यांच्याकडे फरकच नाही, त्यामुळे खोटं बोलणं त्यांना माहीत नाही. त्यांच्या सूक्ष्म हेरांना पृथ्वीवरचा प्रत्येक कागद, प्रत्येक संभाषण उघडं आहे. लपवायला जागा उरली ती एकच, माणसाची कवटी. म्हणून चार माणसं निवडली जातात, ज्यांनी आपला डाव कुणालाच सांगायचा नाही. पुन्हा तेच: अंगातला एक फरक, आणि त्यावर उभं राहिलेलं सगळं युद्ध. एवढ्यासाठी मी कागदी माणसं सहन केली.

दहा दिवस संपले आणि मला मान वर करायची परवानगी मिळाली. तेव्हा जे दिसलं ते मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. उजव्या डोळ्यासमोर पाण्याची पातळी होती. बुडबुडा डोळ्यात वर तरंगतो, पण पडद्यावरची प्रतिमा उलटी असते, म्हणून तो मला खाली दिसायचा आणि त्याच्यावर स्वच्छ जगाची एक पट्टी. मान कलती केली तरी रेघ आडवीच राहायची. वायू जसजसा शोषला जातो तसतशी रेघ खाली उतरते. मी रोज सकाळी भिंतीसमोर बसून ती कुठवर आली याची वहीत नोंद करायला लागले.

त्या वहीसोबत वाचायला सुरुवात केली ती सुझॅना क्लार्कची 'पिरानेसी'. डाव्या डोळ्यानं, दिवसाला दोन-तीन पानं. ही २०२० मधली कादंबरी. दालनांमागून दालनं असलेलं एक अंत नसलेलं घर, भिंतींपाशी हजारो पुतळे, खालच्या मजल्यांवर समुद्र, वरच्या मजल्यांवर ढग. तिथे राहणारा माणूस भरती-ओहोटीची कोष्टकं मांडतो, पक्ष्यांचं वागणं टिपतो, आणि वर्षांना आकडे न देता घडलेल्या गोष्टींची नावं देतो: ज्या वर्षी अल्बट्रॉस नैऋत्येच्या दालनांत आला, ते वर्ष. आपण कोण होतो हे तोही विसरलेला आहे. दोन्ही पुस्तकांतली ही माणसं सगळं गेल्यावर मोजायला बसतात. वीअरचा माणूस सुटकेसाठी मोजतो. पिरानेसी मात्र घरावरच्या मायेनं मोजतो. त्याला आपण कैदेत आहोत असं वाटतच नाही. वाचकाला ते हळूहळू कळतं आणि पोटात खड्डा पडतो, तरीही त्या घराबद्दल त्याला जे वाटतं ते खोटं ठरत नाही. एवढं नाजूक काम मी फार थोड्या पुस्तकांत पाहिलं आहे.

क्लार्कची पहिली कादंबरी २००४ ची. मधली वर्षं दीर्घ आजारपणाची, बरीचशी घरात काढलेली, आणि त्यानंतर सोळा वर्षांनी हे पुस्तक. २०२१ चं 'विमेन्स प्राइझ फॉर फिक्शन' त्याला मिळालं. हे मला वाचून झाल्यावर कळलं, आणि मी पहिल्या पानापासून पुन्हा सुरू केलं. माझ्या डोळ्यातली रेघ तेव्हा बाहुलीच्याही खाली गेली होती. काही दिवसांनी तिचा काळ्या काठाचा छोटा गोळा झाला, मान हलवली की लडबडणारा. मग एका सकाळी तोही नव्हता.

सध्या एन. के. जेमिसिनची 'ब्रोकन अर्थ' त्रयी वाचते आहे. तिच्या तिन्ही भागांना २०१६, २०१७ आणि २०१८ अशी लागोपाठ तीन वर्षं ह्यूगो मिळालं. असं आधी कुणालाच जमलं नव्हतं. तिथे जमीन सतत फुटत असते. त्या लोकांच्या मेंदूच्या तळाशी एक जास्तीचं इंद्रिय आहे, ज्यानं जमिनीच्या पोटातली हालचाल जाणवते. ज्यांच्यात ते फार तीव्र असतं त्यांना भूकंप थोपवता येतो, भोवतालची ऊब खेचून घेऊन. त्यांच्याभोवती दहिवराचं कडं उमटतं. आणि नेमक्या याच लोकांना बाकीचे घाबरतात, ठार मारतात, किंवा साखळीत ठेवून राबवून घेतात. त्या जाणवण्याला जेमिसिननं स्वतःचं क्रियापद घडवलं आहे. आम्ही दोघींनी त्याचं मराठीत 'सेसणं' करून टाकलं. "मावशी, सेसून बघ, पाऊस येणारे का." पुन्हा 'बघ' आलाच!

त्या जगात पृथ्वी आई नाही, बाप आहे, आणि तो लेकरांवर संतापलेला आहे. धरणीमाय, काळी आई असे शब्द तोंडात रुळलेल्या मला हे वाक्यागणिक टोचतं, आणि टोचावं म्हणूनच ते लिहिलेलं आहे. मुख्य पात्राला लेखिका 'तू' म्हणते. तुझा मुलगा मेला आहे. तू त्याच्याजवळ बसली आहेस. पहिली काही पानं मी चिडले होते, हे कसलं लिहिणं म्हणून. शंभराव्या पानापाशी मला ते 'तू' कुणीतरी कानात सांगत असल्यासारखं ऐकू यायला लागलं.

वाचनाचा वेग अजून कमी आहे. पडदा चिकटला, पण मधोमध जिथे तो सुटला होता तिथे सरळ रेघा किंचित वाकतात. मला चौकटींचा एक छापील कागद दिलेला आहे. रोज सकाळी डावा डोळा झाकायचा, मधल्या ठिपक्यावर नजर ठेवायची आणि कुठल्या रेघा वाकल्यात ते पेन्सिलीनं दाखवायचं. ठिपक्याच्या उजवीकडच्या दोन रेघा अजून फुगतात. पुस्तकातली ओळही तिथे पोहोचली की हलकेच वर उचलली जाते आणि पुन्हा खाली बसते.

भाची परत गेली. काल रात्री तिचा फोन आला. चायकोव्हस्कीच्या पुढच्या भागात ऑक्टोपस आहेत, म्हणाली. खऱ्या ऑक्टोपसच्याही चेतापेशींपैकी बहुतेक डोक्यात नसून हातांत असतात, म्हणून तिथला प्रत्येक हात स्वतःचं स्वतः काहीतरी ठरवतो. असा प्राणी बोलेल कसा, भांडेल कसा, याचा मी विचार करत होते.

"पण मावशी, हे वाचू नकोस," ती म्हणाली. "आधी ऐक. पालथी पडून."

मी दिवा मालवला आणि पालथी झाले.